आक्काचं इंग्रजी

शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचा खरेदी विभाग मी सांभाळते. त्या सकाळी उशिरा आलेल्या मालावरून एका पुरवठादाराशी वाद चालू होता. शोभाताई म्हणजे दिवसभर आक्काजवळ थांबणाऱ्या बाई. एरवी त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की शेजारच्या टेबलाला ऐकू जातं. त्या दिवशी हळू बोलल्या. "ताई, घरी या. आक्का... या तुमी." मी "बरं" म्हटलं. पुरवठादाराला सांगितलं की माल उद्या दुपारच्या आत गेटवर पाहिजे. मग समोरच्या कागदावर लिहायला घेतलं... डॉक्टरांना बोलावणे, दाखला, अभिला फोन, गावाकडे निरोप, कॉटवाल्याला कळवणे. कॉट भाड्याची होती. बहीण गेल्याचं कळल्यावर मला कॉट आठवली, हे आता लिहिताना विचित्र दिसतं, पण तसंच झालं. हायवेवरून घरी येताना रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. अजूनही नीटसं आलेलं नाही. कामं मात्र सगळी झाली.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही कागलजवळच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. ती शिक्षिका झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली आणि पहिल्या पगारापासून तिनं मला कोल्हापुरात स्वतःजवळ ठेवून शिकवलं. पुढं तिचे यजमान लवकर गेले, तेव्हा अभि पहिली-दुसरीत असेल. त्यालाही तिनं एकटीनं वाढवलं, इंजिनिअर केलं, पुण्याला पाठवलं. तिच्या आयुष्याची गोष्ट एवढीच आहे, असं ती स्वतः म्हणायची. निवृत्तीनंतरही ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटीच राहत होती. कुणी विचारलं, "करमतं का हो एकटीला?" की तिचं उत्तर ठरलेलं, "एकटी कुठली? आयुष्यभर चाळीस पोरं होती की समोर. आता जरा कान थंड झाल्यात."

पहिलीपासून इंग्रजी शिकवायचा हुकूम आला तेव्हा ती चांगलीच धास्तावली होती. मराठीत शिकलेली, मराठीत शिकवलेली बाई. प्रशिक्षण घेऊन ती थेट माझ्याकडं आली, नवीन पुस्तक माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, "नंदे, हे बघ. हितं स्प्रिंग लिवलंय. हितं ऑटम. आन् हे पोरगं बर्फात खेळतंय. आता मी आमच्या पोरांना काय सांगू? त्यांनी बर्फ बघितलाय तो गोळ्याचा." मी म्हटलं, आहे तसं शिकव. "आहे तसं कसं शिकवू? जे दिसत न्हाय ते शिकवायचं व्हय?" तिनं स्वतःच त्यावर तोड काढली. ऋतू तीनच ठेवले. समर, रेनी सीझन, विंटर. विंटर म्हणजे काय, असं विचारलं की पोरं एका सुरात ओरडायची, "गुऱ्हाळं!" गुळाची आधणं उतरायला लागली की थंडी पडते, हे त्यांना पुस्तकापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आक्कानं ते उत्तर बरोबर धरलं. रोज संध्याकाळी ती माझ्याकडं येऊन उच्चार घोटून जायची. आय, यू, ही, शी, वी, दे. वर्गात गेल्यावर त्याचं ती काय करते, ते मात्र मी कधी पाहिलं नाही. तिची शाळा आणि माझा कारखाना, दोन्हींची वेळ एकच.

वर्गातल्या गोष्टी ती सांगायची तेवढ्या मला माहीत. तिच्या वर्गात एक रिवाज होता. सकाळी हजेरी झाली की एका मुलानं दाराबाहेर जायचं, आभाळ बघायचं, आत येऊन सगळ्यांना इंग्रजीत सांगायचं. इट इज सनी. इट इज क्लाउडी. मग आक्का म्हणायची, "गुड. सिट डाउन," आणि शाळा सुरू व्हायची. पावसाळ्यात पोरं कंटाळायची, कारण महिनाभर एकच वाक्य. अशातच एकदा तपासणीला साहेब आले. ज्याची पाळी होती ते पोर जागेवरूनच ठणकावून म्हणालं, "इट इज रेनिंग!" आणि बाहेर त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन. आक्कानं त्याला साहेबांसमोर बाहेर पाठवलं, बघून यायला. साहेब म्हणाले, "असू दे की बाई, वाक्य इंग्रजीत आलं, झालं." आक्का म्हणाली, "इंग्रजीत खोटं आलं, साहेब." ही गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी साहेबांचा चेहरा करून दाखवला असेल...

गेल्या पावसाळ्यात, पंचगंगेचं पाणी चढत होतं त्या आठवड्यात, तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. कळत सगळं होतं, निदान डोळ्यांकडं बघून तसं वाटायचं. दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट मुलगी रोज येऊन तिच्याकडून नाव म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायची, एक ते दहा म्हणवून घ्यायची, आरती म्हणवून घ्यायची. काही नाही. तोंड उघडायचं, घशातून नुसता हुंकार यायचा आणि आक्का मान फिरवायची. एका सकाळी नर्सनं खिडकीचा पडदा सारला आणि आक्का स्वच्छ म्हणाली, "इट इज रेनिंग." बाहेर पाऊस होता. नर्स जागीच थांबली. मग मला म्हणाली, "आज्जी लई शिकलेल्या दिसत्यात की हो."

तेव्हापासून एवढंच राहिलं. हवामान, ऋतू, आय-यू-ही-शी, गुड, सिट डाउन. मराठीचा एक शब्द नाही. डॉक्टरांनी समजावलं की इंग्रजी राहिलंय असं समजू नका, वर्षानुवर्षं घोकलेलं राहिलंय. घोकलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. मला ते पटलं. बघायला येणाऱ्यांना पटत नव्हतं. गावाकडचे एक चुलते येऊन बराच वेळ तिच्याकडं बघत बसले आणि उठताना म्हणाले, "मराठी गेलं आन् इंग्लिश राहिलं व्हय? इंग्रज गेल्यावर आपल्या देशाचं झालं, तसंच झालं की हे." सगळे हसले. आक्काही हसली, अर्ध्या चेहऱ्यानं. म्हणजे तिला विनोद कळला होता, असं मी धरलं. पण दुसऱ्याच दिवशी तिला पाणी हवं होतं आणि तोंडातून आलं, "इट इज विंटर." तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा विंटर. मग डाव्या हातानं तिनं कॉटची दांडी बडवली... बडवतच राहिली. आपल्याला म्हणायचंय ते हे नव्हे, हेही तिला कळत होतं.

मी तिला माझ्या घरी आणलं. खोलीची मांडणी केली. भिंतीला डोकं करून कॉट खोलीच्या मध्ये लावली, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता-येता येईल. चालत्या हाताकडं, डावीकडं, माझी खुर्ची, उजवीकडं खिडकी. औषधांच्या वेळा, व्यायाम, कूस बदलणं, सगळ्याचा तक्ता दारामागं लावला. आमचे हे म्हणाले, "कारखानाच काढलास की घरात." पण त्यानं चाललं. घरी आणल्यावर थोड्या दिवसांनी एका सकाळी मी डबा भरून निघण्याच्या बेतात होते, तर आक्कानं माझ्याकडं तळवा केला. "यू." मग दाराकडं बोट. मला वाटलं दार लावायचंय. लावलं. तिनं दांडीवर थाप मारली. पंखा? थाप. पांघरूण? थाप. शेवटी मी वैतागून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले, परत आत आले आणि म्हटलं, "काय न्हाय गं बाहेर आक्का, नुसतं ढग आल्यात." ती वाट बघत राहिली. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "इट इज क्लाउडी." तिचा चेहरा मोकळा झाला. "गुड," ती म्हणाली. "सिट डाउन." माझ्या हाताखाली माणसं आहेत, मला कुणी बस म्हणत नाही. मी बसले. त्या दिवशी कामावर उशीर झाला.

मग ते रोजचं झालं. शोभाताईंनाही जमायला लागलं. त्या "इट इज सनी" ऐवजी "सनी हाय, आक्का, लई सनी" म्हणायच्या आणि आक्का तेही चालवून घ्यायची. अभिचा रोज सकाळी फोन यायचा, पण त्याला काय बोलावं कळायचं नाही. "आई, बरी आहेस ना? औषध घेतलंस ना?" आणि इकडून आक्काचा नुसता हुंकार. मी त्याला म्हटलं, गॅलरीत जा आणि तुमच्याकडं आभाळ कसं आहे ते सांग. तो म्हणाला, "मावशी, तेवढ्यासाठी गॅलरीत कशाला? मोबाईलवर दिसतं." मी म्हटलं, "बघून ये." तो गेला. फोनवर दार सरकल्याचा आवाज आला, गाड्यांचा आवाज आला, मग तो शाळेतल्यासारखा म्हणाला, "इट इज सनी, आई." आक्का म्हणाली, "गुड. सिट डाउन." थोड्या वेळानं फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

दसऱ्यानंतर तो तिला न्यायला आला. पुण्यात त्याच्या घराजवळ अशा पेशंटांचं एक चांगलं केंद्र होतं, रोज थेरपी होती, डॉक्टर चोवीस तास होते. तो आणि सून येता-जाता भेटणार होते. मी आदल्या दिवशी दोन्हीकडच्या सोयी-गैरसोयी मांडून बघितल्या होत्या आणि पुण्याची बाजू सरळ वरचढ होती. मी अभिला तसं सांगितलंही. पण तो म्हणाला, "तिला विचारल्याशिवाय नको, मावशी. आयुष्यभर तिनं माझं ठरवलं, पण मला विचारून ठरवलं." त्याला तिच्याजवळ राहायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. इतक्या वर्षांचं राहून गेलेलं त्याला आता भरून काढायचं होतं. तो खिडकीपाशी जाऊन कॉटला टेकून उभा राहिला. मी माझ्या खुर्चीत होते. तो वाकून म्हणाला, "आई, माझ्याबरोबर येतेस ना? की मावशीकडं राहायचंय? तू सांगशील तसं."

आक्कानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग डावा हात छातीवर ठेवला. "आय." माझ्याकडं बोट केलं. "शी." हात वळवून त्याच्याकडं तळवा केला. "यू." आणि मग तिनं हात परत छातीवर आणला, तिथून बाहेर काढला, माझ्या खांद्यामागून गोल फिरवला आणि पुन्हा छातीशी नेला. "वी." त्या गोलात ती होती आणि मी होते. हात त्याच्या बाजूला वळेल म्हणून आम्ही दोघंही थांबलो. हात पांघरुणावर पडून राहिला. अभि म्हणाला, "परत एकदा, आई." तिनं परत केलं, अगदी तसंच. "वी." गोल माझ्याभोवती.

"बरं," अभि म्हणाला. "मी जाऊ?"

"गुड," आक्का म्हणाली. "सिट डाउन."

तो बसला नाही. त्यानं बॅग उचलली. मी म्हटलं, अरे, जेवून तरी जा, ती पाठ म्हटल्यासारखं म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यातून एवढा अर्थ काढू नकोस. तो म्हणाला, "बाकी सगळ्याचा अर्थ काढायचा आणि एवढ्याचा नाही, असं कसं, मावशी?" रोज सकाळी तिच्या एका शब्दावर मीच उठत होते, बसत होते.

आक्का माझ्याकडं राहिली. अभि फोन करायचा, आभाळ सांगायचा, पण आवाज आधीसारखा नव्हता. मधे दोनदा येऊन गेला. दारात उभा राहून बोलायचा, पैशाचं, औषधाचं विचारायचा, संध्याकाळी परत. आक्का त्याच्याकडं तळवा करायची, "यू," म्हणायची. तो मान हलवायचा. थंडी पडली, गुऱ्हाळं लागली, एकदा मी तिला ताज्या गुळाचा खडा भरवला, तेव्हा ती स्वतःहून "विंटर" म्हणाली, आणि ते बरोबर होतं. त्या दिवसानंतर ती हळूहळू खायची कमी झाली. फेब्रुवारीत, एका सकाळी, शोभाताई केस विंचरत असताना गेली. अभि दुपारपर्यंत पोचला. सगळं नीट केलं त्यानं. स्मशानातून परत आल्यावर पायरीवर बसून मला एवढंच म्हणाला, "तिनं मला त्या गोलात धरलं नाही ना, मावशी?" मी म्हटलं, "तसं काय न्हाय रे." मी पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेले.

तेराव्याला तिच्या बऱ्याच माजी विद्यार्थिनी आल्या. त्यातली एक, रेश्मा, आता बँकेत आहे. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ बसली. बाईंची वाचा गेल्याचं, फक्त इंग्रजी राहिल्याचं तिनं ऐकलं होतं, ते खरं का म्हणून विचारत होती. मी सांगितलं. आक्का छातीवर हात ठेवून आय म्हणायची, बोट करून शी म्हणायची, हेही सांगितलं. रेश्मा रडता रडता हसली. "व्हय, तसंच शिकवायच्या. मी अजून माझ्या पोरीला तसंच शिकवते." आणि मग माझ्यासमोर बसून तिनं सगळं करून दाखवलं. आय. यू. ही. शी. 'वी'ला तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले, दोन्ही बाजूंना पसरले, सगळ्यांना कवेत घेतल्यासारखे गोल आणले आणि समोर बोटं जुळवली.

मी म्हटलं, "दोन्ही हातांनी?"

"मग? एका हातानं 'वी' केलं की बाई ओरडायच्या की. म्हणायच्या, अर्धा वर्ग बाहेर ठिवलास की गं, भवाने!"

रेश्मा गेल्यावर मी भांडी आवरली. कॉट आधीच परत गेली होती, त्या खोलीत काही आवरायचं नव्हतं, तरी मी जाऊन खुर्चीच्या जागेवर उभी राहिले. डावीकडं मी. उजवीकडं खिडकी. आक्काला त्या दिवशी काय म्हणायचं होतं, याची खात्री मी आजही देणार नाही. ती कदाचित आम्हाला रोजचा धडाच म्हणून दाखवत असेल. पण जे आम्ही बघितलं ते अर्धंच होतं, एवढं मी आता बघून सांगू शकते. मी अभिला फोन लावला. तो तेराव्याला थांबलाच नव्हता, दहाव्यालाच परत गेला होता. रेश्मानं दाखवलं ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. संपल्यावर तो म्हणाला, "मी कुठं उभा होतो, मावशी?"

"खिडकीपाशी."

"म्हणजे तिच्या..."

"उजव्या बाजूला."

मग तो म्हणाला, "रविवारी येतो."

तो आला. सुनेनं दिलेला डबा त्यानं स्वयंपाकघरात ठेवला, पाणी प्यायला, आणि आक्काच्या खोलीत गेला. फरशीवर कॉटच्या चाकांचे गंजाचे डाग राहिलेत. घासून गेलेले नाहीत. त्यानं विचारलं, "डोकं या भिंतीला होतं ना?" मी हो म्हटलं. तो आधी खिडकीकडं गेला, तिथं थोडा थांबला. मग पायथ्याकडून वळसा घालून माझ्या बाजूला आला, डाव्या बाजूला, आणि उभा राहिला. खोली रिकामी होती, सरळ मधून चालत आला असता तरी चाललं असतं. तो डागांच्या बाहेरून आला, आणि उभा राहिला तेव्हाही दांडीला धक्का लागणार नाही एवढी जागा सोडून उभा राहिला. मी चहा टाकायला आत गेले.